सुशीच्या काउंटरपलीकडून

गेल्या अंकात ओघाओघात मी एक वाक्य लिहून गेले. नऊ वर्षं सुशीच्या काउंटरमागे उभी राहिले, तरी सुट्टीच्या दिवशी बाहेर काय खाऊ या असं कुणी विचारलं, की माझ्या तोंडून आधी सुशीच निघते. एवढंसं निमित्त पुरलं आणि पत्रांची थप्पी लागली. निम्म्या पत्रांत घरी सुशी कशी करायची हे विचारलंय. ती बाजूला ठेवली आहेत. मला पहिली दोन वर्षं नुसते तांदूळ धुवायला दिले होते, ते मी एका पानात कसं उरकू? बाहेर जाऊन खाणाऱ्यांचे प्रश्न मात्र घेते. काही पत्रांत रेस्टॉरंटची नावं होती, ती गाळली आहेत.

ऑफिसमधल्या मैत्रिणींनी सुशी खायला जायचं ठरवलंय. मी मासे खाते, पण कच्चा मासा म्हटलं की पोटात गोळा येतो. नाही म्हणायचाही संकोच वाटतो. — एक घाबरट

जा हो. सुशी म्हणजे कच्चा मासा हा समज तेवढा डोक्यातून काढा. सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ घातलेला भात. त्याच्यावर किंवा त्याच्या पोटात काय घालायचं, ते करणाऱ्याच्या आणि खाणाऱ्याच्या हातात. भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप आले, तर ती सुशी नाहीच, ती साशिमी.

शिजवलेलं तुम्हाला भरपूर मिळेल. एबी म्हणजे उकडलेली कोळंबी. उनागी म्हणजे गोड्या पाण्यातली वाम, गोडसर सॉस लावून भाजलेली. बिचकणाऱ्या माणसाला मी नेहमी हीच वाढायचे. तामागो म्हणजे थरांवर थर देऊन केलेलं गोडसर ऑम्लेट. कोळंबीच्या तेंपुराचा, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या कोळंबीचा, रोल असतो. वाढणाऱ्याला सरळ विचारायचं, 'शिजवलेलं काय काय आहे?' या प्रश्नात लाजण्यासारखं काही नाही. आम्हाला तो रोज येत असे.

आणि समजा त्या दिवशी हिंमत झालीच, तर ट्यूनाचा लाल, कमी चरबीचा भाग मागवा. त्याला 'आकामी' म्हणतात. मी स्वतः कच्चं खाल्लं ते नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात. आमचे ताइशो, म्हणजे काउंटरचे मुख्य, यांनी न विचारता हातावर तुकडा ठेवला आणि समोर उभे राहिले. डोळे मिटून चावला. माशाचा वासच नव्हता, आणि मी त्या वासाचीच भीती धरून बसले होते.

आमच्या भागात दोन सुशी रेस्टॉरंट आहेत. दोन्हींची सजावट झकास. पण चांगलं कोणतं हे ओळखायचं कसं? माशातलं मला काही कळत नाही. — संभ्रमात पडलेला

मासा बघूच नका, भात बघा. दिव्याखाली मासा कसाही चमकवता येतो, भाताला मात्र तोंड लपवायला जागा नसते.

चांगल्या ठिकाणी आखूड दाण्याचा चिकट तांदूळ पाणी नितळ होत जाईपर्यंत धुतात. भात गरम असतानाच 'हांगिरी' नावाच्या पसरट लाकडी टबात काढतात आणि वरून व्हिनेगरचं मिश्रण ओततात. ढवळायचं नाही. लाकडी पसरट चमच्यानं कापत, उलटत जायचं, म्हणजे शीत मोडत नाही. त्याच वेळी दुसऱ्यानं पंख्यानं वारा घालायचा. वाफ पटकन उडते आणि दाण्याला तकाकी येते. तो पंखा दोन वर्षं माझ्या हातात होता. उजवा दंड इतका दुखायचा की घरी केस विंचरायला डावा हात वापरायचे.

एवढं करून तो भात ग्राहकासमोर येतो तेव्हा अंगाइतका कोमट असावा लागतो. म्हणून पहिली परीक्षा जिभेवरच होते. भात गार आणि कडक लागला, तर तो फ्रिजमध्ये जाऊन आलेला आहे. थंडीनं भातातला स्टार्च घट्ट होतो आणि दाणा खडबडीत लागतो. दुसरी परीक्षा निगिरीची, म्हणजे हातानं वळलेल्या भातावर माशाचा काप ठेवलेल्या सुशीची. उचलताना तुकडा एकसंध राहायला हवा आणि तोंडात गेल्यावर दाणा दाणा सुटायला हवा. हे साधणं महाकठीण. मी निगिरी वळायला लागले तेव्हा ताइशो माझा तुकडा उचलायचे, परत ठेवायचे आणि एकच शब्द म्हणायचे, 'दगड.' हे ऐकून ऐकून मी हात इतका सैल केला, की एका गृहस्थांची निगिरी त्यांच्या सोया सॉसच्या वाटीत जाऊन विरघळली. त्या दिवशी ताइशो काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हा दोन्ही ठिकाणी जाऊन आधी 'काप्पामाकी' मागवा. भात, नोरी (समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ पापुद्रा) आणि काकडी, संपलं. (काप्पा हा जपानी लोककथांतला पाण्यात राहणारा प्राणी. त्याला काकडी फार आवडते, म्हणून हे नाव.) यादीतला हा सगळ्यात साधा रोल, आणि यात चुका झाकायला काही नाही. भात कसा आहे, व्हिनेगर बेताचं आहे का, नोरी अजून कुरकुरीत आहे की ओल्या कागदासारखी ताणली जाते, हे सहा तुकड्यांत कळतं. ज्याची काप्पामाकी चांगली, त्याच्या माशावर मी विश्वास ठेवते. उलटं कधी करत नाही.

बाकी खुणा झटपट सांगते. दारात मासळीचा वास आला तर तिथूनच मागे फिरा. 'आज हे नाही' असं सांगणारं ठिकाण चांगलं. यादीत चाळीस प्रकारचे कच्चे मासे आणि बाराही महिने सगळे हजर, तिथे मला शंका येते. आणि दर रोलवर मेयोनेजच्या रेघोट्या असतील, तर त्या रेघोट्यांखाली काय आहे ते चमच्यानं बाजूला करून बघा.

सासूबाई म्हणतात, वासाबी (सुशीबरोबरचा तो हिरवा झणझणीत गोळा) आणि व्हिनेगरनं माशातले जंतू मरतात, बिनधास्त खा. मला पाचवा महिना आहे. खाऊ का? — होणारी आई

सासूबाईंचा उत्साह मला आवडला, पण माहिती चुकीची आहे. कच्च्या समुद्री माशात 'अनिसाकिस' नावाची बारीक अळी असू शकते. ती वासाबीला भीक घालत नाही आणि भातातल्या व्हिनेगरलाही नाही. ती मरते शिजवल्यानं किंवा गोठवल्यानं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनात उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस, किंवा उणे 35 अंशांला घट्ट गोठवून त्याच तापमानात 15 तास, असं प्रमाण दिलंय. युरोपीय संघाच्या नियमात उणे 20 अंशांला किमान 24 तास. म्हणजे 'आमचा मासा कधी गोठवलेलाच नाही' अशी बढाई कुणी मारली, तर खूश होऊ नका. मोठे ट्यूना आणि गोळीखाद्यावर वाढवलेला शेतीतला सामन यांना अमेरिकी मार्गदर्शनात सूट मिळते, कारण त्यांच्यात ही अळी सापडायचा धोका खूप कमी असतो.

सामनवरून आठवलं. सामनची निगिरी आज सगळीकडे दिसते, पण ती जुनी परंपरा नव्हे. जपानी लोक प्रशांत महासागरातला सामन अळीच्या भीतीनं शिजवूनच खायचे. 1980च्या दशकात नॉर्वेनं आपला शेतीतला सामन कच्चा खाण्यासाठी म्हणून जपानमध्ये खपवायची मोहीम काढली, तेव्हा कुठे तो सुशीवर चढला.

आता मूळ मुद्दा. गोठवल्यानं अळी मरते, जिवाणू मरत नाहीत. ते नुसते थांबतात. म्हणून मासा बंदरापासून ताटलीपर्यंत सतत थंड राहिला का, यावर सगळं अवलंबून असतं, आणि ते तुम्हाला टेबलावर बसून दिसत नाही. गरोदरपणाबद्दल देशोदेशीच्या यंत्रणांचंही एकमत नव्हतं. ब्रिटनची आरोग्य सेवा पूर्वी म्हणायची, आधी गोठवलेल्या माशाची सुशी चालेल; आता तीही मासा पूर्ण शिजवलेला असेल तरच सुशी खा म्हणते. अमेरिकी प्रशासन कच्चा मासा टाळाच म्हणतं. माझं मत विचाराल तर उरलेले चार महिने शिजवलेलंच खा. एबी, उनागी, तामागो काही कमी चवीचे नाहीत. पाऱ्याचाही प्रश्न आहे. मोठ्या डोळ्यांचा ट्यूना, ज्याला जपानीत 'मेबाची' म्हणतात, आणि तलवार मासा हे दोन्ही अमेरिकी यादीत गरोदर बायकांनी टाळायच्या माशांत आहेत, शिजवलेले असले तरी. डॉक्टरांना विचारा. आणि सासूबाईंना माझं नाव सांगू नका.

'व्हाइट ट्यूना' नावाची निगिरी खाल्ली. लोण्यासारखी लागली म्हणून आठ तुकडे संपवले. रात्रभर जे झालं ते लिहवत नाही. मासा शिळा होता का? — भोगलेला

बहुतेक ताजा होता, पण ट्यूना नव्हता. या नावाखाली अनेकदा 'एस्कोलार' नावाचा मासा विकतात. त्याच्या अंगात मेणासारखी स्निग्ध द्रव्यं असतात. ती आपल्याला पचत नाहीत, नुसती पुढे सरकतात आणि अखेर तेल होऊन बाहेर पडतात. 'ओशियाना' या संस्थेनं अमेरिकेत तपासलेल्या नमुन्यांचा अहवाल 2013 साली आला. त्यात व्हाइट ट्यूना म्हणून विकलेल्या नमुन्यांपैकी 84 टक्के एस्कोलार निघाले. जपाननं हा मासा विकायला 1977 पासूनच बंदी घातली आहे. पुढच्या वेळी विचारा, 'हा आल्बाकोर आहे का?' आल्बाकोर हा खरा फिकट मांसाचा ट्यूना, आणि तो गुलाबीसर असतो. दुधासारखा पांढराशुभ्र तुकडा समोर आला तर एकावर थांबा. आठ तुकडे मात्र जरा जास्तच झाले हो!

आम्ही दोघं शाकाहारी. काकडीचा रोल, इनारी (टोफूच्या पिशवीत भरलेला भात) आणि मिसो सूप एवढंच घेतो. काळजीचं कारण नाही ना?

आहे. हे उत्तर लिहिताना मलाच अपराधी वाटतंय, का ते शेवटी सांगते.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' हा अर्क. तो बहुतेक वेळा कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि 'कात्सुओबुशी', म्हणजे वाळवून धुरी दिलेला बोनिटो मासा, यांपासून काढतात. मिसो सूपमध्ये तो असतो. इनारीची ती गोडसर टोफूची पिशवी बऱ्याचदा त्यातच शिजवतात. तामागोत तो असतो, तेंपुराबरोबरच्या पातळ सॉसमध्येही असतो. वर तरंगताना मासा दिसत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. वाढणारी मुलंसुद्धा खुशाल सांगतात, 'मासा नाही यात.' त्यांना तसंच वाटत असतं.

म्हणून 'मासा आहे का' असं विचारू नका. विचारा, 'दाशी कशाची आहे?' कोम्बूची किंवा वाळवलेल्या शिताके मशरूमची दाशी असेल तर निर्धास्त घ्या. काकडी, अवाकाडो, पिवळ्या मुळ्याच्या लोणच्याचा रोल, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) आणि शिसो या सुवासिक पानाचा रोल हे सहसा सुरक्षित. 'क्रॅब स्टिक' म्हणजे खेकडा नाही हे ऐकून काही जण ती भाजी समजतात. ती पांढऱ्या माशाच्या लगद्याची असते. तेंपुरा भाज्यांचा असला तरी तळणीचं तेल कोळंबीचंच असू शकतं. सुरी आणि फळी वेगळी हवी असेल तर आधी सांगा, घाईच्या वेळेत नको.

आता अपराध. आमच्याकडे एक आजी नेमानं यायच्या, शाकाहारी. त्यांना मी दोन वर्षं इनारी वाढली, हसत हसत. दाशीचं भांडं माझ्याकडे आलं तेव्हा मला कळलं. त्यांना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, 'तरीच इतकी छान लागायची.' पण पुढच्या वेळेपासून त्यांनी काकडीच मागवली, आणि ताइशोंनी फक्त त्यांच्यासाठी शिताकेची दाशी करायला घेतली.

निगिरी हातानं खायची की चॉपस्टिकनं? घरात वाद आहे.

दोन्ही चालतं. हातानं खाणं अजिबात अडाणीपणाचं नाही, भात सैल वळलेला असेल तर उलट सोयीचं. साशिमी मात्र चॉपस्टिकनंच. वाद घालायचाच असेल तर सोया सॉसवर घाला: तुकडा उलटा करून माशाची बाजू बुडवायची, भाताची नाही. भात सॉस शोषून घेतो, फुटतो आणि सगळं खारट होतं. घास एकच, तोडून दोन करायचे नाहीत. आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये काही देऊ नका. जपानमध्ये दहनानंतर अस्थी उचलताना तसं करतात, म्हणून जेवताना ते बघवत नाही.

मी वासाबी सॉसमध्ये कालवला तर समोरच्या शेफनं तोंड वाकडं केलं. पैसे माझे, जेवण माझं. चुकलं काय?

निगिरीत भात आणि माशाच्या मध्ये त्यानं आधीच वासाबी लावलेली असते, प्रत्येक माशाला वेगळ्या मापानं. तैलट माशाला जास्त, नाजूक माशाला अगदी टिंब. तुम्ही वाटीत हिरवा चिखल केलात, की त्याचं माप फुकट गेलं. म्हणून त्याचं तोंड वाकडं झालं. पण ग्राहकासमोर तोंड वाकडं करणं हेही वाईटच, आणि तुमच्या ताटलीतला तो हिरवा गोळा खरा वासाबी असण्याची शक्यता कमीच. बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश हे तिखट मूळ, मोहरी आणि हिरवा रंग असतो. खरा वासाबी हे वाहत्या गार पाण्यात वाढणारं झाड. त्याचं खोड शार्कच्या कातडीच्या किसणीवर किसतात आणि त्याचा वास काही मिनिटांतच उडून जातो. तो तुमच्यासमोर किसून दिला, तर कृपा करून कालवू नका. नळीतला असेल तर खुशाल कालवा, मी बघितलं नाही असं करीन.

उरलेली सुशी फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खाल्ली तर?

कच्च्या माशाची असेल तर नको. काकडीची असेल तर पोटाला काही होणार नाही, पण भात चावताना तुम्ही माझ्या ताइशोंचा तो शब्द आठवाल. मोजकं मागवा, लागलं तर पुन्हा मागवा.

मुलांना फिरत्या पट्ट्याची सुशी आवडते. जाणकार मित्र नाक मुरडतात. ती खरी सुशी नव्हे का?

तुमच्या मित्रांनी कधी सहा वर्षांच्या मुलाला काउंटरवर दीड तास बसवून बघावं.

फिरता पट्टा जपानमधलाच. शिराइशी योशिआकी नावाच्या सुशीवाल्याला हाताखाली पुरेशी माणसं मिळत नव्हती. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या बघून त्याला युक्ती सुचली आणि 1958 साली त्यानं ओसाकाजवळ पहिलं फिरत्या पट्ट्याचं दुकान थाटलं. 1970च्या ओसाकातल्या जागतिक प्रदर्शनानंतर ही कल्पना जोरात पसरली. साध्या माणसाला सुशी परवडू लागली ती यामुळे, आणि मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. तशी निगिरीसुद्धा सुरुवातीला एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, रस्त्यावर उभ्या उभ्या खायचा झटपट पदार्थ होती.

फक्त पट्ट्यावरून किती वेळ फिरतेय त्यावर नजर ठेवा. माशाच्या कडा सुकून किंचित वर वळल्या असतील, नोरी मऊ पडली असेल, तर जाऊ द्या. जपानमधल्या काही दुकानांत ताटलीखाली चिप असते, ठरलेलं अंतर कापलं की यंत्रच ती काढून टाकतं. तुमच्या इथे तसं नसेल तर पट्ट्यावरचं उचलण्याऐवजी आतून ताजं मागवा. बहुतेक ठिकाणी देतात. मुलांना पट्टा बघायला मिळतो, तुम्हाला कोमट भात.

पत्नी गेल्याला वर्ष झालं. आम्ही महिन्यातून एकदा सुशीला जायचो. आता एकटा गेलो तर चौघांचं टेबल देतात आणि ओशाळल्यासारखं होतं. तिला सामनच्या अंड्यांची ती छोटी होडी आवडायची. ती दोन-दोनच येते, एक माझ्याच्यानं खाववत नाही. जाणं सोडून द्यावं का?

सोडू नका. टेबल घेऊ नका, काउंटर मागा. काउंटर एकट्या माणसासाठीच असतो. तिथे शेजारची खुर्ची रिकामी आहे की भरलेली, हे कुणी बघत नाही, सगळे समोरच्या हातांकडे बघत असतात. उघडल्या उघडल्या जा, तेव्हा शेफला बोलायला वेळ असतो. बसल्यावर एवढंच विचारा, 'आज काय चांगलं आहे?' नऊ वर्षांत हा प्रश्न मला कधी नकोसा झाला नाही. त्याच्यावर सगळं सोपवायचं असेल तर 'ओमाकासे' म्हणा, पण जे चालत नाही ते आधी सांगा.

ती होडी म्हणजे 'गुंकान', भाताभोवती नोरीची भिंत केलेली. त्यात इकुरा, म्हणजे सामनची अंडी, भरतात. काउंटरवर एकच मागितली तर एकच करून मिळते, संकोच करू नका. आणि दोन हव्या असतील तर दोन मागवा.

आमच्याकडे एक गृहस्थ दर गुरुवारी एकटे यायचे, उजवीकडच्या टोकाला बसायचे. इकुरा दोन. पहिली ते सुरुवातीलाच खायचे. दुसरी समोर तशीच राहायची आणि निघायच्या वेळी ते ती खायचे. कारण त्यांनी सांगितलं नाही, ताइशोंनी विचारलं नाही. फक्त तिसऱ्या-चौथ्या गुरुवारपासून ताइशो दुसरी होडी लगेच करेनासे झाले. त्यांचं सगळं खाऊन झालं, शेवटचा चहा समोर ठेवला, की मग ते ती वळायला घ्यायचे. नोरी ओली होऊ नये म्हणून.